स्वच्छ जखम

१४ सप्टेंबर

कुसुमच्या नडगीला परवा बाजेचा कोपरा लागला होता. साधा ओरखडा. मी तेव्हाच म्हटलं होतं, औषध लाव. लावलं नसणार. आज बघतो तर तिथं जांभळट फोड, वर पिवळं टोक आणि भोवती सूज. "कधीपासून आहे?" विचारलं तर म्हणे, "हाय झालं की." या बाईला काहीही विचारा, उत्तर एवढंच.

शेजारच्या कडूबाई दारातूनच म्हणाल्या, "विळा तापवून डाग द्या सर. एका डागात बसतंय. आमच्या बन्सीधरला दिलता की." मी त्यांना सांगितलं, या घरात डाग, अंगारा, उतारा यातलं काही चालत नाही आणि चालणार नाही. जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तोंड वाकडं करून गेल्या. जाऊ देत. अख्खी नोकरी सोनपेठच्या पोरांना जंतू म्हणजे काय हे शिकवण्यात गेली आणि माझ्याच घरात डाग!

संध्याकाळी पाणी उकळून घेतलं, फोडाचं टोक फोडलं, पू दाबून काढला, कापसानं नीट पुसून पट्टी बांधली. दोन दिवसांत बसेल.

२१ सप्टेंबर

बसला नाही. रुपयाएवढी जखम झाली आहे. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं आणि 'स्वच्छता ठेवा' म्हणाले. हे मला सांगायला हवं का?

सकाळ-संध्याकाळ मीच धुतो. ते फेसाळणारं औषध ओततो, फेस निवला की जाळीच्या कापडानं पिवळा थर घासून काढतो, खालचं लाल दिसेपर्यंत. हात हलका ठेवून चालत नाही. कुसुम पदराचं टोक दातात धरून भिंतीकडे बघत बसते. धीराची आहे, हे मानलं पाहिजे.

बाबांची आठवण येते. येलदरीला धरणाच्या कामावर होते. नळावर आमची घागर सगळ्यांच्या शेवटी लागायची. बाबा म्हणायचे, "त्यायला बोट ठिवायला जागाच ठिवू न्हाई." म्हणून आमची घागर सगळ्यांत घासलेली, आमची कापडं सगळ्यांत पांढरी. लोक आम्हाला घाणीचे म्हणायचे, म्हणून आम्ही त्यांच्या दुप्पट स्वच्छ राहिलो. माझ्या घरातल्या जखमेला वास यावा, हे मी होऊ देणार नाही.

३ ऑक्टोबर

परभणीला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं आणि सकाळी सकाळीच भांडण झालं. सरळ एसटी असताना हिला गंगाखेडला उतरून रेल्वेच धरायची होती. का? सांगत नाही. वाटेत पिंगळीला बहीण राहते, सरजाक्का, तिला स्टेशनवर बघायचं असेल. पाय सडायला लागलाय आणि हिला माहेरची ओढ! त्यात घरातून निघताना दोनदा आत जाऊन आली, त्यामुळे गंगाखेडची गाडीही चुकता चुकता मिळाली. कुठंही निघायचं म्हटलं की हिचं हेच. लग्नकार्याला तर येतच नाही आता. अंगणवाडीची चांगली नोकरी होती, तीही 'कंटाळा आला' म्हणून सोडली. मला कंटाळा येत नाही का? मी सोडली का शाळा?

सर्जननी जखम बघितली. कडा जांभळ्या-काळ्या पडल्यात, आत पोकळ झालंय. म्हणाले, "गँगरिनची सुरुवात आहे. मेलेलं मांस काढून टाकावं लागेल." साखर तपासली, ती ठीक निघाली. उद्या ऑपरेशन.

९ ऑक्टोबर

घरी आलो. जखम आता मोठी आहे पण लालभडक, स्वच्छ. बघून बरं वाटलं. सर्जननी काम चोख केलंय. पट्टीचं मी शिकून घेतलं. नागेशचा चाकणहून फोन आला, "बाबा, नर्स लावा रोज." मी म्हटलं, नर्स काय माझ्यापेक्षा जास्त करणार आहे? पोरगं कंपनीत लागल्यापासून सगळ्या गोष्टींना माणूस लावायला सांगतं.

१७ ऑक्टोबर

संताप संताप झालाय. कापलेल्या जागेच्या कडा पुन्हा जांभळ्या. जेवढं कापलं होतं त्याच्याही बाहेर पसरलंय. तपासणीला गेलो तर सर्जन मलाच म्हणाले, "घरी ड्रेसिंग नीट होत नाहीये." मला! मी म्हटलं, डॉक्टर, मी दिवसातून दोनदा करतो, हात धुऊन, उकळलेल्या चिमट्यानं. ते म्हणाले, "मग अजून नीट करा."

ठीक आहे. आता तीनदा करीन.

२ नोव्हेंबर

दिवाळीला नागेश आला आणि गेला. आईशी बसून बोलावं, तर तो मोबाइलवर कुठल्या कुठल्या जखमांचे फोटो बघत होता. मला दाखवायला लागला, मी बघितले नाहीत.

कुसुम जेवत नाही. दोन घास खाल्ले की उठते. "कुठं चाललीस?" म्हटलं की, "आले." भाकरी तशीच वाळते. आज मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, अंगात रक्त नाही, जखम भरणार कशी? चेहरा बघ, कागदासारखा झालाय. ती म्हणाली, "हाव, खाते की." खाल्लं नाहीच.

सरजाक्का मदतीला आल्या आहेत. दोघी बहिणी मागच्या दारी कुजबुजत बसतात. मी गेलो की गप्प.

१० नोव्हेंबर

जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन जिंतूरला आहे आणि मुख्याध्यापकांना माझ्याशिवाय दुसरा माणूस दिसत नाही. घरी आजारी माणूस आहे म्हटलं तर म्हणाले, "वहिनींकडं बघायला पाहुण्या आल्यात ना?" गावभरची खबर असते यांना.

सरजाक्कांना सगळं दोनदा समजावलं. पाणी किती उकळायचं, थर कसा घासायचा, लाल दिसेपर्यंत थांबायचं नाही. त्या मान डोलावत होत्या. मला भरवसा नाही.

१४ नोव्हेंबर

आलो. आमच्या शाळेच्या प्रतिकृतीला बक्षीस मिळालं, पोरांना येलदरीचं वीजघरही दाखवलं. पण घरी आल्याबरोबर सगळा आनंद पाण्यात.

सरजाक्कांनी पट्टी सोडलीच नाही! म्हणे, "दाजी, मला ते बघवंना. हात लावायची हिंमतच झाली न्हाई. वरचं फडकं तेवढं बदललं." मी बोलू नये ते बोललो. म्हातारी रडायला लागली. कुसुम मधे पडली, "मीच म्हणलं होतं राहू दे म्हणून." दोघींची मिलीभगत.

नशीब म्हणायचं, जखम बिघडली नाही. उलट कडांची सूज थोडी बसली होती, कुसुमची झोपही नीट झालेली दिसली. सर्जननी गोळ्या बदलून दिल्या होत्या, त्या लागू पडल्या असणार. नाहीतर या आळसानं पायच गेला असता. मी बसून साचलेला सगळा थर काढला. रक्त आलं, पण आत लाल दिसलं तेव्हाच उठलो.

१९ नोव्हेंबर

व्हायचं तेच झालं. जखम वाढली. आता तळहात झाकणार नाही एवढी. कडेला नवे फोड. मी घरी नव्हतो त्या दिवसांचं हे फळ. सरजाक्कांना मी स्पष्ट सांगितलं की तुमच्यानं होत नसेल तर पिंगळीला जा. गेल्या. स्टँडपर्यंत सोडायला मी गेलो नाही.

कुसुम आज माझ्याशी बोललेली नाही. न बोलू दे. कुणीतरी कठोर व्हायलाच पाहिजे ना या घरात?

२६ नोव्हेंबर

दुसऱ्यांदा कापलं. सर्जन म्हणाले, "या वेळी लांबपर्यंत साफ केलंय." एक तुकडा तपासायला पाठवला होता. त्यात कॅन्सर नाही, टीबी नाही, जंतूही धड सापडत नाहीत. मग हे आहे तरी काय? कोण खातंय माझ्या बायकोचा पाय? विचारलं तर म्हणाले, "बघू."

बघू! दोन महिने झाले, सगळे बघतायत.

५ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. पण कुठंतरी ओकायला पाहिजे.

नडगीचा मागचा भागही गेला. आत पांढरी शीर दिसते. सर्जननी आज मला बाजूला घेऊन सांगितलं, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर जाईल.

मी कुसुमला सांगितलं. वाटलं रडेल. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "काढा. धुणं तरी थांबल एकदाचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाय जायची वेळ आली तरी हिला माझ्या कष्टांची काळजी. पण मला कष्टांचं काही वाटत नाही. जन्मभर धुवायला लागलं असतं तरी धुतलं असतं. पाय जायला नको होता.

९ डिसेंबर

ऑपरेशनआधी भूल द्यायला रुग्ण चालतो का, हे बघायला त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉ. प्रियांका लोंढे. नागेशच्या वयाच्या. रक्ताचा कागद बघून त्या थांबल्या. "यांचं रक्त एवढं कमी कसं?" मी म्हटलं, जेवत नाही. त्या म्हणाल्या, "न जेवून एवढं नाही उतरत. कुठून तरी जातंय." मी जखमेचं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी का बाहेर थांबायचं? बायको माझी, फाइल माझ्या हातात, तारखा मला पाठ. तरी थांबलो. दारामागं काय चाललंय ते ऐकू येईना. आतून कुसुमचा आवाज येत होता आणि तो थांबतच नव्हता. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही.

बऱ्याच वेळानं मला आत घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, कुसुमला चार-पाच वर्षांपासून पोटाचा त्रास आहे. दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं, रक्त पडतं, आव पडते. मूळव्याध समजून ती बहिणीनं आणलेला काढा पीत होती. सरजाक्कांना माहीत होतं. मला नाही.

एसटीत संडास नसतो म्हणून ती रेल्वे धरायची. म्हणूनच अंगणवाडी सोडली. लेकरांना टाकून सारखं उठून जावं लागायचं, तेही शाळेच्या उघड्या मैदानातून.

"पायाचं ऑपरेशन थांबवू या," डॉक्टर म्हणाल्या. "मला दुसराच संशय आहे."

१० डिसेंबर

दवाखान्याच्या खोलीतच भांडलो. आजूबाजूला माणसं होती, तरी भांडलो. मला का नाही सांगितलंस? मी कोण आहे? परका आहे?

कुसुम म्हणाली, "काय सांगू? रक्ताची घाण सांगू? तुमाला घरात माशी चालत न्हाई."

"मी तुझा नवरा आहे. सांगितलं असतंस तर डॉक्टरला दाखवलं असतं!"

"मग कधी इचारलं तुमी? तुमी नुसतं सांगायलाव. हे खा, ते धू, इथं बस. लगीन झाल्यापासून सांगायलाव. इचारलं कधी?"

शेजारच्या पलंगावरच्या बाईनं तोंड फिरवलं. मी पाणी आणायला म्हणून बाहेर पडलो आणि रिकामी बाटली घेऊन परत आलो.

१३ डिसेंबर

दुर्बीण घालून आतडं तपासलं. आतून सगळं सोललेलं, जखमांनी भरलेलं. त्वचेच्या डॉक्टरांनी जखमेच्या कडेचा छोटा तुकडा घेतला, जंतूंच्या तपासण्या पुन्हा केल्या, बाकीचं एकेक बाद केलं. आज निदान झालं. नाव लिहून घेतलंय: पायोडर्मा गँग्रिनोसम. नावात गँगरिन आहे, पण हे गँगरिन नाही. जंतूही नाहीत. शरीराची राखण करणाऱ्या रक्तातल्या पेशीच उलटतात आणि आपल्याच कातडीवर तुटून पडतात. आतड्याचा आजारही त्याच जातीचा, पुष्कळदा जोडीनं येतात. "कुंपणच शेत खातंय, सर," डॉक्टर म्हणाले. साधे गृहस्थ आहेत, हळू बोलतात.

मग त्यांनी विचारलं, "घरी जखमेला काय करता?"

मी सांगितलं. पाणी कसं उकळतो, थर कसा काढतो, दिवसातून किती वेळा. सांगताना त्यांचा चेहरा बघत होतो आणि मधेच माझा आवाज खाली गेला.

ते म्हणाले, "या आजारात कातडीला टोचलं, कापलं, घासलं की ती आणखी फुटते. म्हणून आता कापायचं नाही आणि घासायचं तर मुळीच नाही. मिठाचं पाणी वरून सोडायचं, न चिकटणारी पट्टी हलक्या हातानं ठेवायची. बाकी काम गोळ्या करतील."

"म्हणजे मी जे..."

"तुम्हाला कसं माहीत असणार? पुष्कळ डॉक्टरांनाही ओळखू येत नाही."

मला त्यांची ही समजूत नको होती. मी तडक सर्जनकडे गेलो. दार ढकलून आत. जे सुचलं ते बोललो. दोनदा कापलंत तुम्ही, पाय काढायला निघाला होतात, लाज कशी वाटली नाही! त्यांनी मला बोलू दिलं. संपल्यावर म्हणाले, "मला काळं दिसलं, मी कापलं. चुकलं माझं. तुम्हाला पिवळं दिसलं, तुम्ही घासलं. आता कुणी कुणाला शिव्या द्यायच्या, सांगा."

मी दार ओढून बाहेर आलो. जिंतूरला गेलो होतो तेव्हा सूज बसली होती, ते आत्ता लिहिताना आठवतंय. पेनचं टोक कागदात रुतलंय. रागच आहे, दुसरं काही नाही.

२२ डिसेंबर

परवा घरी आलो. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होऊन आठवडा झाला. तिसऱ्याच दिवशी ठणका कमी झाला. कडांचा जांभळा रंग उतरतोय. पोटही शांत होतंय, काल ती फक्त तीनदा गेली. हे मला तिनं स्वतः सांगितलं, न विचारता. सांगताना माझ्याकडे रोखून बघत होती, मी नाक मुरडतो का ते.

गोळ्यांनी साखर वाढू शकते, तोंड सुजतं, जंतूंची लागण लवकर होते. सगळ्यावर लक्ष ठेवायचंय. चिडचिडही होते म्हणे. आज तिनं चहाचा कप असा आदळला की बशी फुटली. मी म्हटलं, गोळ्यांनी होतंय तसं, डॉक्टरांनी सांगितलंय.

"गोळ्यांनी न्हाई," ती म्हणाली.

२४ डिसेंबर

पिंगळीला गेलो. सरजाक्का दारात निवडायला बसल्या होत्या. सुपातली ज्वारी पाखडत राहिल्या, उठल्या नाहीत. मी म्हटलं, अक्का, चला. कुसुम वाट बघतेय.

"आन तुमी मला हाकललं त्याचं काय, दाजी?"

"चुकलो."

"लय जोरात बोलता तुमी. माझ्या बहिणीनं हगवणीचं दुखणं नवऱ्यापासून झाकावं, असा कसा तुमचा धाक म्हणायचा?" सूप खाली ठेवलं. "अन् मीबी गाढवी. काढा पाजत बसले. सांगायला पाहिजे होतं मीच."

त्या पिशवी भरायला आत गेल्या. आलो ते रेल्वेनंच.

३ जानेवारी

सरजाक्काच पट्टी करतात. अजून हात कापतो त्यांचा, पण करतात. कुसुमनं मला खोलीबाहेर बसायला सांगितलंय. मी ओट्यावर बसतो. आतून दोघींचं बोलणं येतं, मधेच हसणं येतं. कडूबाई जाता जाता म्हणाल्या, "आज तुमी न्हाई का सर धुवायला?" मी म्हटलं, नाही, मला मनाई आहे. त्या डोक्यावरचा पदर ओढून पुढं गेल्या.

डॉक्टर म्हणतात, पाय वाचला. भरायला महिने लागतील आणि व्रण चाळणीसारखा राहील. पण पाय वाचला. मी त्यांच्यासमोर रडलो. चिडूनच रडलो.

१९ जानेवारी

सरजाक्कांच्या सुनेचे दिवस भरत आलेत, त्या आज सकाळी गेल्या. जाताना मला पट्टीचं पाकीट दिलं.

दुपारी कुसुमनं हाक मारली. "या आता. दुसरं कोण हाय?"

हात धुतले. मिठाचं पाणी कोमट केलं. खाली बसलो. पाय मांडीवर घेतला. जखम तळहाताएवढी राहिली आहे, कडेनं नवी गुलाबी कातडी आलीय, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मध्ये एके ठिकाणी पिवळा थर होता. माझी बोटं आपोआप तिकडं वळत होती. आवरली. इतक्या वर्षांची सवय आहे, ती बोटांतून जात नाही.

मी विचारलं, "कुसुम, मी धुवायचो तेव्हा फार दुखायचं का?"

आज पहिल्यांदा विचारलं.

तिनं पदर गुडघ्यावर सारखा केला. मग म्हणाली, "जीव जायचा. वाटायचं, लाथ घालावी. पण तुमी एवढं मन लावून करायलाव म्हणल्यावर काय बोलू? म्हणलं, पाय तर चाललाच हाय, घरातल्या माणसाचं मन तरी राहावं."

मला ओरडायचं होतं. कुणावर तेच कळेना. मी पाणी सोडायला लागलो. वरून, हळू, डॉक्टरांनी सांगितलं तसं. पट्टी ठेवताना कडेला माझा अंगठा जरा दाबला गेला.

"दुखलं," कुसुम म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, शेजारी ऐकू जाईल असं.

मी हात उचलला आणि तिनं "हं, आता करा" म्हणेपर्यंत तसाच बसून राहिलो.